दोन सिस्टिम, तिसरा अंक

कुरखेड्याच्या बसस्टँडसमोर मन्सूर शेखचं टायपिंगचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक शटर, दोन खुर्च्या, एक बाक, एक प्रिंटर आणि बारा-तेरा वर्षांपूर्वी घेतलेला एक कॉम्प्युटर. कॉम्प्युटरच्या बाजूला त्याचा जुना लोखंडी टाइपरायटर. आता त्याचं काम एवढंच, की पंखा लागला की कागद उडू द्यायचे नाहीत. मन्सूरचं वय अठ्ठावन्न, बोटं मात्र पंचविशीतली. मराठी टायपिंगमध्ये त्याचा हात धरणारा तालुक्यात कुणी नाही. हे तो स्वतः सांगत नाही, कारण सांगायला तोंड उघडावं लागतं आणि मन्सूर ते शक्यतो उघडत नाही.

दिवाळी उलटली, धान कापून झालं, की या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम लागतो. गावोगाव मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते, मंडईला पाहुणे येतात, आणि पाहुण्यांना घरात झोपवायला जागा नसते म्हणून म्हणा की हौस म्हणून म्हणा, रात्रभर नाटक हवंच. नाटक आलं की ते लिहिणारा आला, आणि त्याचं अक्षर वाचून टाइप करणारा आला. गेल्या वीस-बावीस वर्षांत मन्सूरने एकशे बारा नाटकं टाइप केली; टाइपरायटरवरची जुनीही पुढे कॉम्प्युटरमध्ये उतरवली. छळलेल्या सुना, दारुडे नवरे, शहरात जाऊन आईला विसरलेले पोरगे, सगळे त्याच्या बोटांखालून गेले.

अगदी सुरुवातीला त्याने एकदाच आगाऊपणा केला होता. एका नामांकित नाटककाराच्या नाटकात दुसऱ्या अंकात मेलेला मामा तिसऱ्या अंकात चहा पीत बसला होता. मन्सूरने तो चहा मुकाट्याने काकाला दिला. नाटककारांच्या लक्षात आलं तेव्हा ते चार माणसांत म्हणाले, "टाइप करणाऱ्यानं टाइप करावं. उद्या शिंपी म्हणेल, मीच नवरदेव." माणसं पोट धरून हसली. मन्सूरही हसला, दुसरं काय करणार? पण ते त्याच्या जिव्हारी लागलं. तेव्हापासून त्याच्या दुकानात मेलेले मामा खुशाल चहा पीत राहिले. मन्सूरने पुन्हा एक कप हलवला नाही.

आणि असा हा माणूस तीन वर्षांपासून चोरून नाटक लिहीत होता!

नाटकाचं नाव 'सरपंचबाई गेली जत्रेले'. पार्वता नावाची बाई गावाची सरपंच, पण कागदावर. सभेत खुर्चीवर बसतो तिचा नवरा, हार घालून घेतो तिचा नवरा, आणि तिच्या नावाची सहीसुद्धा ठोकतो तिचा नवराच. एक दिवस ही बाई कुणाला न सांगता वैनगंगेकाठच्या मार्कंड्याच्या जत्रेला निघून जाते आणि इकडे नवऱ्याची त्रेधा उडते. पहिले दोन अंक मन्सूरने लटारूच्या हातात ठेवले. लटारू म्हणजे पलीकडच्या गावातला धान पिकवणारा शेतकरी आणि तिथल्या नाट्यमंडळाचा अध्यक्ष; आवाज असा की माइक लावायची गरज नाही. तो वाचता वाचता हसून बाकावरून खाली आला आणि खालूनच त्याने विचारलं, "मन्सूरभाऊ, लिवलं कोनं हे?"

'मी' म्हणायला एक अक्षर पुरलं असतं. पण मन्सूरच्या तोंडून निघालं, "चंद्रपूरचे कवी वनराज. टपालानं पाठवतेत."

झालं. वनराज नावाचा एक माणूस जन्माला आला. लटारूने त्याला नमस्कार कळवला, मग त्याची तब्येत विचारली, मग त्याच्यासाठी एक पायली नवा तांदूळ आणून दिला. तो तांदूळ शमसुन्निसाने, म्हणजे मन्सूरच्या बायकोने, शिजवला. कुठून आला ते तिने विचारलं नाही, आणि मन्सूरला वाटलं, बरं झालं.

मंडई होती पुढच्या मंगळवारी. तिसरा अंक आदल्या आठवड्यातल्या सोमवारी दुपारी द्यायचा कबूल झाला होता. अंक तयार होता, पण शेवटचं वाक्य मन्सूरने अकरा वेळा बदललं होतं, म्हणून त्याने तो कागदावर छापला नव्हता. सबंध जगात तो अंक एकाच ठिकाणी होता: दुकानातल्या कॉम्प्युटरमध्ये, 'पाणीपट्टी २०१४' नावाच्या फोल्डरमध्ये. पाणीपट्टीच्या पावत्या कोण उघडून बघतो?

आता नेमक्या त्याच सोमवारी कॉम्प्युटरचं ऑपरेशन कशाला काढायचं, असं कुणीही विचारेल. पण धान विक्रीची ऑनलाइन नोंदणी सुरू झाली होती, आणि मन्सूरच्या कॉम्प्युटरमधल्या जुन्या सिस्टिमवर सरकारी साइट उघडतच नव्हती. पांढरा पडदा यायचा आणि मध्ये एक चाक फिरत राहायचं. शेतकरी पाच मिनिटं ते चाक बघत बसायचे आणि "येतो भाऊ" म्हणून उठायचे ते चार दुकानं पुढे असलेल्या ऑनलाइन सेंटरमध्ये जाऊन बसायचे. जुनी सिस्टिम काढून टाकावी तर मन्सूरचा मराठी फॉन्ट, त्याची एकशे बारा नाटकं आणि तो हट्टी प्रिंटर, सगळ्यांची सोयरीक तिच्याशी.

तोडगा काढला पोरीने. महेक गडचिरोलीला एका संस्थेत कॉम्प्युटर शिकवते. ती फोनवर म्हणाली, "अब्बा, जुनी तशीच राहू द्या. बाजूले नवी टाकू. एकाच पेटीत दोन सिस्टिमी. मशीन चालू केली का ते पुसन, कोन्ती पाह्यजे? जे पाह्यजे ते घ्या."

"दोघी भांडनार नाई ना?"

"तुम्ही वाटनी नीट केली तं नाई भांडत."

सोमवारी सकाळी गडचिरोलीच्या एसटीने पेनड्राइव्ह आला. महेकने तो एका डब्यात घालून कंडक्टरच्या हाती दिला होता, आणि डबा रिकामा कसा पाठवायचा म्हणून वरून चिवडा भरला होता. मन्सूरने चिवड्यातून पेनड्राइव्ह वेचून काढला. त्याला हळद लागली होती. ती पुसून, बिस्मिल्ला म्हणून, त्याने फोन कॉम्प्युटरसमोर उभा केला. महेकला तासाला जायला अजून दोन तास होते, आणि व्हिडिओ कॉलवर ती पडदा बघत होती.

"पहिले बॅकअप घेतला का?"

"घेतला. एकशे बारा नाटकं दुसऱ्या पेनड्राइव्हवर टाकली. तुह्याकडे पाठवतो, सांभाळून ठेव."

हे खरं होतं. एकशे तेरावं मात्र त्याने टाकलं नव्हतं. पोरगी सगळं उघडून बघते. 'अब्बा, हे काय?' म्हणाली असती, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी पोरीसमोर लाल व्हायची त्याची तयारी नव्हती.

"जागा कमी पडून राह्यली, अब्बा. कचरा उडवा थोडा. ते पाणीपट्टी दोन हजार चवदा काऊन ठेवली अजून? उडवा ते."

मन्सूरने माउसवरचा हात उचलून घेतला. "राहू दे. केव्हा मागतीन त्याचा नेम नाई."

"दहा-बारा वर्सं झाली ना."

"म्हनूनच. आता मागाची वेळ झाली."

महेक हसली आणि तिने ते सोडून दिलं. तिने लग्नाच्या जुन्या पत्रिका उडवायला लावल्या. त्यातल्या निम्म्या जोडप्यांची पोरं आता शाळेत जात होती, तेव्हा हरकत नव्हती.

मग पडद्यावर एक लांब पट्टी आली. डावीकडे जुनी सिस्टिम, उजवीकडे नवी, आणि मध्ये एक उभी रेघ, माउसने सरकवायची. शेतातला धुराच तो, म्हणजे बांध. मन्सूरला आयुष्यात शेत नव्हतं, पण धुऱ्याच्या भांडणाचे अर्ज त्याने शेकड्यांनी टाइप केले होते, आणि धुरा बोटभर सरकला की काय होतं ते त्याला पाठ होतं. त्याने माउस जरा जास्तच ओढला. रेघ एकदम खूप डावीकडे गेली. त्याने घाईने मागे आणली. पुन्हा थोडी गेली.

"बस, बस! तिथीच सोडा. आता पुढे दाबा."

"महेक, काही पुसलं तं नाई गेलं?"

"नाई जी अब्बा. मी आता तासाले जाऊन राह्यली. पाचपर्यंत फोन बंद राहीन."

अर्ध्या तासात नवी सिस्टिम बसली. मशीन बंद झाली, पुन्हा चालू झाली आणि काळ्या पडद्यावर यादी आली: वर नवी, सगळ्यात खाली जुनी. दहा सेकंदांत बाणाच्या बटनाने खाली उतरायचं. नाही उतरलात तर नवीच उघडते. मन्सूरने काही न करता नुसतं पाहिलं. नवी उघडली. त्याने धान नोंदणीची साइट टाकली, आणि चाक दीड वेळा फिरून साइट उघडली!

मन्सूर उठून उभा राहिला. पुन्हा बसला. दुकानात कुणी नव्हतं, म्हणून त्याने टाइपरायटरच्या पाठीवर थाप मारली. इतका खूश तो महेकच्या निकालानंतर पहिल्यांदाच झाला होता.

आणि याच घटकेला लटारू आला. बरोबर चंचल, नाटकातली पार्वता. ती नागपूरकडची नटी, हंगामात इकडेच असते, चार मंडळांची नाटकं एका वेळी पाठ ठेवते. लटारूच्या पिशवीत दोन नारळ होते, कारण रात्री तालमीचा मुहूर्त होता, आणि आमच्याकडे नारळ फुटल्याशिवाय तालीमही लागत नाही.

"काऊन एवढे हासून राह्यले, मन्सूरभाऊ?"

मन्सूरने सांगितलं. एक पेटी, दोन सिस्टिमी. लटारूने पेटीकडे असं पाहिलं जसं कुणी नव्या बैलजोडीकडे पाहतं.

"अन् असाच घेतला घरात? बिना नारळाचा?"

मन्सूर "अरे, अरे" म्हणेपर्यंत लटारूने नारळ पेटीवरून तीनदा ओवाळला. फोडायला दगड हवा. दगड बाहेर, रस्त्यापलीकडे. इथे हाताशी काय, तर टाइपरायटर, अस्सल लोखंड. लटारूने हात उचलला आणि घातला.

नारळ एका घावात फुटला. शुभच म्हणायचं. पाणी मात्र सगळं कीबोर्डावर.

पुढचं एक मिनिट तिघंही काय बोलत होती ते तिघांनाही आठवत नाही. मन्सूरने कीबोर्ड उलटा करून झटकला, खांद्यावरच्या दुपट्ट्याने पुसला, चंचलने पदराने वारा घातला. लटारू "प्रसाद हाये, प्रसाद हाये" म्हणत खोबऱ्याचे तुकडे गोळा करत होता. मग मन्सूरने अक्षरं दाबून पाहिली. चालत होती. सगळ्यांनी श्वास सोडला.

"बरं, ते राहू द्या. आता तिसरा अंक काढा," लटारू म्हणाला.

अंक जुन्या सिस्टिममध्ये. मन्सूरने मशीन बंद करून चालू केली. काळी यादी आली. त्याने बाणाचं बटन दाबलं. पट्टी हलली नाही. पुन्हा दाबलं. दहा सेकंद सरले आणि नवी सिस्टिम ऐटीत येऊन उभी राहिली.

पुन्हा बंद, पुन्हा चालू. या वेळी लटारूने दाबलं, अंगठ्याने, सगळा जोर लावून. नवी आली. तिसऱ्यांदा चंचलने दाबलं, अगदी हळू. नवीच आली.

"नवीनं जुनीले कोंडून ठेवलं वाटते," लटारू म्हणाला. "सवतच हाये ते."

बटनाची शंका मन्सूरला आली नाही. अक्षरं चालत होती ना! त्याला आठवत होती ती सरकलेली रेघ. महेकचा फोन लावला, बंद. मग नव्या सिस्टिममधूनच तो फोल्डरं धुंडाळू लागला, आणि काय आश्चर्य, जुनीची डिस्क इथूनही दिसत होती! 'पाणीपट्टी २०१४' होतं. त्यात फाइल होती. त्याने छातीवर हात ठेवून ती उघडली.

पडद्यावर इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, टक्क्यांची चिन्हं, कंस, सगळ्यांचा नुसता काला. पानामागून पान. पार्वता नाही, तिचा नवरा नाही, वैनगंगा नाही, जत्रा नाही.

मन्सूर खुर्चीत बसला तो बसलाच. तीन वर्षं. अकरा वेळा बदललेलं वाक्य. त्याला रडू आलं, आणि रडण्याचं कारण सांगता येत नाही म्हणून आणखी आलं.

लटारूचं मात्र डोकं चाललं. "अरे, त्यात काय! वनराजाले फोन लावा. पुन्हा पाठव म्हना."

"त्याईच्याकडे फोन नाई."

"कवीकडे फोन नाई? मंग पत्ता द्या. मी आत्ता जातो चंद्रपूरले."

"ते गावाले गेले."

"कोन्त्या गावाले?"

मन्सूरला गाव सुचेना. एका माणसाला जन्म देणं सोपं, त्याला सांभाळणं कठीण. लटारूने डोक्याला हात लावला. "आठ दिवसावर मंडई. सत्तर गावात सांगून झालं. आता ते दारुड्या बापाचंच नाटक लावाव लागते, दुसरं का?"

दारुड्या बापाचं नाटक! मन्सूरने ते सात वेळा टाइप केलं होतं, सात वेगवेगळ्या नावांनी. पार्वताची जागा तो दारुडा बाप घेणार, हे काही त्याला सहन झालं नाही.

"मले थोडं थोडं याद हाये," तो पुटपुटला. "टाइप करता करता राह्यते डोक्यात. चंचलबाई, लिवून घ्या."

चंचलने वही काढली. मन्सूर बसून सांगू लागला, खाली मान घालून, एफिडेव्हिट वाचावं तसं. प्रवेश पहिला. मार्कंड्याची जत्रा. नवरा बायकोला शोधत फिरतो, कारण साहेब अडून बसलाय की सरपंचबाईने सही डोळ्यांदेखत करावी. दोन पानं झाली. मग नवरा पाळण्यावाल्याला विचारतो तो भाग आला, आणि मन्सूरच्या नकळत त्याचा आवाज पाळण्यावाल्याचा झाला. मग मान वर आली. मग तो उभा राहिला. बाक सरकवून त्याने जत्रेची गल्ली केली, दुपट्टा डोक्यावर घेऊन तो पार्वता झाला, दुपट्टा खांद्यावर टाकून तिचा नवरा झाला, चष्मा काढून साहेब झाला. बाहेर चहाच्या टपरीवरची माणसं कप घेऊन दारात आली. धान नोंदणीचे दोन शेतकरी आत येऊन बसले आणि नोंदणीचं विसरले. लटारू हसायच्या आधीच बाक धरून बसला होता. ज्या माणसाला गेल्या बावीस वर्षांत 'किती प्रती' याहून लांब वाक्य बोलताना कुणी ऐकलं नव्हतं, तो एकटा सबंध जत्रा झाला होता.

मध्येच चंचल म्हणाली, "भाऊ, इथी पार्वता जिलेबी खाते त्याऐवजी गाणं म्हटलं तं? टाळ्या पडतीन."

"जिलेबीच खाइन ते!" मन्सूर कडाडला. "बारा वर्सं त्या बाईनं सगळ्याईचं उष्टं खाल्लं. पहिल्यांदा सोताच्या पैशानं गरम जिलेबी घेतली तिनं. तिले गाऊ-बिऊ नका देऊ. एक शब्द हलवाचा नाई!"

दारातल्या माणसांचे कप तोंडापर्यंत जाता जाता थांबले. चंचलने पेन खाली ठेवलं. तिने चाळीस नाटककार पाहिले होते, आणि वाक्य बदला म्हटल्यावर कुणाचे कान असे लाल होतात ते तिला ठाऊक होतं.

"टाइप करनाऱ्याले एवढा राग काऊन येते, मन्सूरभाऊ?"

मन्सूर दुपट्ट्याने चष्मा पुसू लागला. लटारू एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघू लागला. त्याच्या चेहऱ्यावर उजेड हळूहळू पडत होता, पण अजून पुरता पडला नव्हता.

"पुढं सांगा," चंचल म्हणाली. "साहेबासमोर पार्वता पेन हातात घेते. नवरा म्हनते, हिले सही येत नाई. मंग? पार्वता का म्हनते?"

शेवटचं वाक्य! अकरा वेळा बदललेलं. मन्सूरने तोंड उघडलं. रात्रीच त्याने तिथे नवं घातलं होतं, भारदस्त, त्यात सूर्य होता, स्त्रीशक्ती होती, पहाट होती. त्यातला एक शब्द आठवेना. सूर्य आधी की पहाट आधी?

"सही माही हाये जी," दाराकडून आवाज आला. "तुमचा हात दुखला असन. बसा आता."

शमसुन्निसा. जेवायचा डबा घेऊन आली होती, आणि गर्दीतून वाट काढत, कुणी फार मोठं काही बोललं नाही अशा थाटात, तिने डबा टेबलावर ठेवला.

एक क्षण कुणाला काही समजलं नाही. मग दुकान असं हसलं की शटर वाजलं. चंचल हसत होती आणि डोळे पुसत होती. "बसा आता!" लटारू ओरडत होता, "तुमचा हात दुखला असन, बसा आता!"

"ते मी काल बदललं," मन्सूर बायकोला हळूच म्हणाला.

"कालपर्यंतचंच बरं होतं."

"तुले कसं माहीत?"

"न्हानीत कोन बोलते रोज? तीन वर्सं झाली, ऐकून राह्यली. पाणी कमी अन् पार्वता जास्त." तिने डब्याचं झाकण उघडलं. "अन् वनराजाचा तांदूळ मीच शिजवला. म्हटलं, सांगतीन केव्हा तं केव्हा."

आता लटारूच्या डोक्यात पुरता उजेड पडला. त्याने कपाळावर हात मारला, मग मन्सूरच्या पाठीवर मारला, आणि तो हात शेतकऱ्याचा होता. "म्हंजे मी एवढे दिवस नमस्कार कोनाले पाठवून राह्यलो होतो?"

"मलेच," मन्सूर म्हणाला. "पोचले."

पाच वाजता महेकचा फोन आला तेव्हा दुकानात अकरा माणसं होती आणि सगळी एकदम बोलत होती. तिने अर्ध्या मिनिटात निकाल लावला. "अब्बा, नारळाचं पाणी बटनाच्या खाली गेलं असन, बाणच मेले. दुसरा कीबोर्ड लावा. अन् ते कचऱ्यासारखं दिसून राह्यलं ते तुमचा जुना फॉन्ट नवीत नाई म्हनून. काहीच गेलं नाई." मग ती थांबली. "पण पाणीपट्टीत एवढं काय होतं?"

"घरी ये, सांगतो," मन्सूर म्हणाला. तिच्या अम्मीने फोन ओढून घेतला आणि तिथल्या तिथे सांगून टाकलं.

चार दुकानं पुढच्या सेंटरवाल्याने कीबोर्ड दिला, वर म्हणाला, "तुमच्याच गिऱ्हाइकाचं पुण्य." काळी यादी आली. मन्सूरने बाण दाबला आणि पट्टी एकेक पायरी उतरत खाली गेली. जुनी सिस्टिम उघडली. पाणीपट्टीत तिसरा अंक जसाच्या तसा होता, वैनगंगेसकट. मन्सूरने सूर्य आणि पहाट खोडली, शमसुन्निसाने सांगितलेलं वाक्य टाकलं आणि अंक छापून चंचलच्या हातात दिला.

"आता जाहिरातीचा कागद," लटारू म्हणाला. "आत्ताच छापा. उद्या गावोगाव चिटकवाव लागते."

मन्सूरने मंडळाचं नाव टाकलं, नाटकाचं नाव टाकलं, चंचलचं टाकलं, तारीख, तिकीट, 'बसण्याची उत्तम सोय'. मग 'लेखक' लिहिलं, दोन टिंबं दिली, आणि थांबला.

"वनराजच राहू दे का?" त्याने विचारलं. "आता सगळ्याले सांगितलं हाये."

"पार्वतानं एवढ्या जत्रेत सही केली," चंचल म्हणाली, "अन् तुम्हाले इथी दुकानात भेव लागते?"

कुणी हसलं नाही. मिनिटाला साठ शब्द मारणाऱ्या माणसाला दोन शब्द टाइप करायला बराच वेळ लागला. मन्सूर शेख. आणि कुणी बघायच्या आत त्याने अक्षर बारीक केलं.

"मले दिसून नाई राह्यलं," शमसुन्निसा चष्मा सारखा करत म्हणाली.

त्याने एक नंबर वाढवला.

"अजून नाई दिसत."

आणखी वाढवला. ती मान हलवत राहिली, तो वाढवत राहिला. नाव फुगत गेलं, तिकीट खाली सरकलं, 'बसण्याची उत्तम सोय' कागदाबाहेर जायला लागली. लटारूने तोंड उघडलं होतं, पण शमसुन्निसाकडे पाहून मिटलं. "जमिनीवरच बसाचं हाये," तो म्हणाला, "सोय कायची? काढून टाका ते."

प्रिंटर कुरकुरला आणि पहिला कागद बाहेर आला. लटारूने हात पुढे केला, पण तो मन्सूरने दिला नाही. घरी न्यायचा म्हणून त्याने तो दुमडायला घेतला आणि मध्येच थांबला. घडी बरोबर नावावर पडत होती. मग त्याने तो दुमडलाच नाही. शटर ओढायचं काम लटारूवर टाकून, कागद दोन्ही हातांनी छातीसमोर सपाट धरून तो बाजारातून घरी निघाला, आणि वाटेत भेटलेल्या प्रत्येक माणसाला, वाचता येत असो वा नसो, थांबून तो बघावा लागला.